परिसंस्थेचा जमाखर्च: सातारा-सांगलीतला माळ, ऊस, देवराई आणि तळं कसं तपासायचं

पाठ्यपुस्तकात जंगल, माळ, नदी, तळं 'नैसर्गिक परिसंस्था' या रकान्यात असतात. शेत, बाग, धरण, मत्स्यालय 'कृत्रिम'च्या. सातारा-सांगलीच्या जमिनीवर उतरलं की हे रकाने लगेच डळमळतात. कासचा तलाव ब्रिटिश काळात बांधलेला, पण त्यात पाणी येतं ते आजूबाजूच्या पठारावरून, कुणी न आणता. सागरेश्वरचं जंगल वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उघड्या डोंगरांवर उभं राहिलं, प्राणी बाहेरून आणून सोडले गेले, आणि आज ते १०.८७ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. कृष्णा मात्र नदी, म्हणजे नैसर्गिक. तरी भर उन्हाळ्यात सांगलीच्या घाटाला किती पाणी लागणार हे कोयनेतून किती सोडलं यावर ठरतं.

म्हणून रकाना ठरवायच्या आधी परिसंस्थेचा जमाखर्च मांडावा. आत काय येतं आणि ते कोण आणतं? बाहेर काय जातं? माणसानं हात काढून घेतला तर दोन पावसाळ्यांनंतर तिथे काय दिसेल? या तीन प्रश्नांची उत्तरं मोजमापासह मिळाली की परिसंस्था नैसर्गिक किती आणि कृत्रिम किती ते आपोआप कळतं. खालची पद्धत शाळा-महाविद्यालयाच्या प्रकल्पाला चालते, गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला चालते आणि स्वतःच्या रानाची तब्येत बघायची आहे त्या शेतकऱ्यालाही चालते.

आधी जोडी लावा

एकच जागा बघून फार काही हाती लागत नाही. नैसर्गिक आणि कृत्रिम अशी जोडी लावावी, आणि जोडीत पाऊस व जमीन सारखी असावी. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, तर म्हसवड-आटपाडीकडे पाचशेच्या आसपास. मधलं सरळ अंतर सव्वाशे ते दीडशे किलोमीटर. कासच्या पठाराची तुलना जतच्या डाळिंबाशी केली तर जो फरक दिसेल तो पावसाचा असेल, माणसाचा नव्हे. मुलांचे निम्मे प्रकल्प इथेच फसतात.

चांगल्या जोड्या अशा: पाटण-जावळीत देवराई आणि शेजारचं लागवडीचं वन. वाळवा, पलूस, मिरजेकडे कृष्णाकाठची गवत-झुडपांची मळी (नदीकाठची गाळाची जमीन) आणि तिला लागून असलेला ऊस. माण, खटाव, आटपाडी, जतमध्ये गवताळ माळ आणि बांधापलीकडची द्राक्षबाग किंवा डाळिंब. पाण्यासाठी जुना गावतलाव आणि प्लास्टिक अंथरलेलं शेततळं.

हंगाम चुकवू नका. माळ सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये बघावा, कारण गवताला तुरा आल्याशिवाय त्याची ओळख पटत नाही. पालापाचोळा पाऊस थांबल्यावर महिनाभरात, ओल असताना तपासावा. तळी फेब्रुवारी ते एप्रिल, पाणी संथ आणि गाळ खाली बसलेला असताना.

अभयारण्यात आणि कास पठारावर वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही, मोजणीची चौकटही टाकायची नाही. देवराईत गावाला विचारल्याशिवाय पाय ठेवू नये; पडलेलं पान उचलायलाही काही ठिकाणी मनाई असते आणि ती पाळावी. दगडाळ माळावर फुरसं असतं, उसात घोणस. घोट्याच्या वर जाणारे बूट घाला आणि दगड उचलायचा तर आपल्या बाजूची कड टेकलेली ठेवून पलीकडची कड काठीनं वर करा.

पिशवीत काय हवं

अर्धा इंची पीव्हीसी पाइपाचे एक मीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो: ही झाली चौकट. एल्बोंना सोल्युशन लावू नका, सुटी राहिली की एसटीत नेता येते. तीस मीटर सुती दोरी, दर तीन मीटरवर रंगीत चिंधी. खुरपं, स्टीलची पट्टी, दहा पट मोठं दाखवणारं भिंग, पांढरा प्लास्टिकचा ट्रे, पीएच पट्ट्या, थर्मामीटर, किराणा दुकानात मिळतो तसला छोटा वजनकाटा. सहा इंची पीव्हीसी पाइपाचा बारा-तेरा सेंटिमीटरचा तुकडा, एका टोकाला धार केलेला. आणि पाण्याची पारदर्शकता मोजायला २० सेंटिमीटर व्यासाची स्टीलची ताटली, तिचे चार समान भाग करून काळा-पांढरा-काळा-पांढरा ऑइलपेंट दिलेला, मधल्या भोकातून दोरी आणि खाली अर्धा किलोचं वजन. दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ.

माळ: दहा चौकटींची पद्धत

सरकारी कागदात माळाला 'पडीक' म्हणतात. हा शब्द मनातून काढून टाकल्याशिवाय माळ दिसत नाही. कुसळ, पवन्या, मारवेल ही गवतं, त्यांच्या बुडख्यात घर करणारे चंडोल, टोळ-नाकतोडे, सरडे, त्यांच्यावर जगणारे शिकारी पक्षी, खोकड आणि लांडगा, आणि पिढ्यान् पिढ्या त्यातून फिरणारी धनगरांची मेंढरं: ही पूर्ण चालती परिसंस्था आहे.

दोरी सरळ ताणा. प्रत्येक चिंधीपाशी चौकट ठेवा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. अशा दहा चौकटी होतील. चौकट हातानं भिरकावण्याचा मोह टाळा. भिरकावणाऱ्याचा डोळा नकळत फुलांकडे जातो आणि माळ आहे त्याहून श्रीमंत दिसतो. दोरीवरूनही एकाच बाजूनं चाला, नाहीतर पुढच्या चौकटीतलं गवत आधीच तुडवलेलं असतं.

चौकटीत तीन गोष्टी लिहा. पहिली, किती प्रकारच्या वनस्पती. नाव माहीत नसेल तर 'अ-१', 'अ-२' असा क्रमांक द्या आणि फोटो काढा: तुरा, अख्खं रोप आणि पातं खोडाला मिळतं तो सांधा. सांध्याचा फोटो नसेल तर जाणकारालाही गवत ओळखता येत नाही. दुसरी, प्रत्येक प्रकारानं किती जागा व्यापली. दहा बाय दहा सेंटिमीटरचा ठसा म्हणजे चौकटीचा एक टक्का, आणि मोठ्या माणसाचा बोटांशिवायचा तळहात साधारण तेवढाच भरतो. तळहात मोजत गेलं की अंदाज फारसा चुकत नाही. तिसरी, उघडी माती आणि दगड किती. दगडाला शून्य समजू नका. त्याच्यावर दगडफूल असतं, कपारीत पाली-विंचू असतात आणि खाली पावसाची ओल सगळ्यात उशिरा सुकते.

प्रत्येक चौकटीनंतर 'आतापर्यंत एकूण प्रकार' हा आकडा लिहीत जा. पहिल्या चौकटीत १२ आले, दुसरीत नवे ५, तिसरीत ३ असं होत होत वाढ मंदावते. सलग तीन चौकटींत एकही नवा प्रकार आला नाही तर तुमचं काम पुरेसं झालं. दहाव्या चौकटीतही दोन-तीन नवे मिळत असतील तर दोरी पुढे सरकवून आणखी पाच चौकटी घ्या.

चारा किती ते बघायचं तर अर्धा बाय अर्धा मीटर जागेतलं गवत जमिनीपासून दोन सेंटिमीटरवर कापा, सावलीत कडकडीत वाळवा आणि ग्रॅममध्ये तोला. त्या आकड्याला ४० नं गुणलं की हेक्टरी किलो मिळतात. मेंढरं आदल्या आठवड्यात चरून गेली असतील तर हा आकडा खोटा येतो, म्हणून कापण्याआधी मेंढपाळाला विचारावं. वणवा कधी लागला होता तेही त्याला ठाऊक असतं.

आता जमाखर्च. जमेला ऊन, पाऊस, वाऱ्यानं आलेली धूळ आणि मेंढरांच्या लेंड्या. खर्चाला मेंढरांनी आणि गवत कापणाऱ्यांनी नेलेला चारा, आणि उतारावरून वाहून गेलेली थोडी माती. खताची गोणी नाही, विजेची मोटर नाही. हात काढून घेतला तर माळ राहतोच, पण एक गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे: चराई पूर्ण बंद झाली तर जुनं वाळलेलं गवत साठतं आणि बुटक्या फुलझाडांना उन्हाला जागा उरत नाही. जास्त चराईनं माळ उघडा पडतो, शून्य चराईनं तो मोजक्या उंच गवतांचा होतो. म्हणजे मेंढपाळ हा या परिसंस्थेचा आतला घटक आहे.

माळावर खड्डे खणून एकजात गिरिपुष्प लावणं ही सर्रास होणारी चूक. झाडं जगली की माळ सुधारला असं वाटतं. दोन्ही ठिकाणी दहा-दहा चौकटी टाकून बघा आणि झाडांखालच्या यादीतून कोणती गवतं गळली ते एकेक करून लिहा.

कास पठाराचा हिशेब याहून ताणलेला. साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर, साधारण १,२०० मीटर उंचीवर, जांभ्याच्या कातळावर मातीचा पातळसा थर. पावसाळ्यात पाणी साचतं, दिवाळीनंतर सगळं कोरडं. जमेला नत्र (नायट्रोजन) जवळजवळ नाहीच, म्हणून इथे दवबिंदू पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरतो आणि सीतेची आसवं मातीतल्या इवल्या फुग्यांत सूक्ष्म जीव पकडते. इथली विविधता टिकते ती अन्नाच्या टंचाईमुळे. खत पडलं तर दांडगं गवत माजेल आणि ही फुलं झाकली जातील. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारशात घेतलं त्यात कास आहे. तिथे बघायचं ते ठरलेल्या वाटेवर उभं राहून, भिंग आणि वही घेऊन. पातळ मातीवर एक बूट दाबला की तेवढी जागा दाबूनच राहते.

ऊस: तीच पद्धत, वेगळे आकडे

तीच दोरी उसात, सरीला तिरपी लावा. सरीच्या बाजूनं लावली तर सगळ्या चौकटी एकाच वरंब्यावर पडतात. बहुतेक रानांत ऊस, हरळी, लव्हाळा आणि चार-दोन तणं यापुढे यादी जात नाही. तीन चौकटींत वाढ थांबते. तो आकडाच खूप काही सांगतो, पण उसाची खरी गोष्ट मातीत आणि हिशेबात आहे.

मातीचा खड्डा २५ बाय २५ सेंटिमीटर, ३० सेंटिमीटर खोल. माती गोणपाटावर काढा, ढेकळं हातानं फोडा, गांडुळं, हुमणीच्या अळ्या, गोमा वेगवेगळ्या मोजा. गांडुळांच्या आकड्याला १६ नं गुणलं की चौरस मीटरचा अंदाज. पाणी दिल्यापासून चार-पाच दिवसांनी खणा. कोरड्या मातीत गांडुळं खोल जातात आणि आकडा फुकट कमी येतो.

मग पाणी मुरण्याची चाचणी. सहा इंची पाइपाचा तुकडा सात-आठ सेंटिमीटर जमिनीत ठोका, आत प्लास्टिकचा कागद अंथरून ४५० मिलिलिटर पाणी ओता, कागद अलगद ओढून घ्या आणि घड्याळ लावा. हे साधारण एक इंच पाणी आहे. पहिली वेळ सोडून द्या, लगेच दुसऱ्यांदा ओता आणि ती वेळ लिहा. माळावर, बांधावर आणि उसाच्या सरीत अशी तीन ठिकाणी करा. ट्रॅक्टरच्या चाकोरीत पाणी अर्धा तास जागचं हलत नाही असंही दिसेल; कारण मातीतली पोकळी दाबली गेलेली असते.

आता वही उघडा. आडसाली, म्हणजे साधारण दीड वर्ष रानात राहणाऱ्या, उसाला शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद, १७० पालाश. एकरात सांगायचं तर १६० किलो नत्र, म्हणजे निव्वळ युरियातून द्यायचं झालं तर ४५ किलोच्या जवळजवळ आठ गोण्या. सोबत पाणी, आणि ते उचलायला वीज. खर्चाला ट्रॉल्या भरभरून कारखान्याला गेलेला ऊस आणि, पाचट (उसाची वाळलेली पानं) पेटवलं तर, धूर. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, त्यात साधारण अर्धा टक्का नत्र. म्हणजे काडी लावली की ४०-५० किलो नत्रातलं बहुतेक हवेत जातं. राखेत पालाश उरतं, पण सेंद्रिय कर्ब गेलेला असतो.

विघटकांना, म्हणजे मेलेलं कुजवणाऱ्या जिवांना, त्यांचं काम परत द्यायचं असेल तर खोडव्यात (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसात) पाचट सरीत दाबा, बुडखे जमिनीलगत छाटा आणि हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकून हलकं पाणी द्या. युरिया कशाला? पाचटात कर्ब फार आणि नत्र कमी. बाहेरून थोडं नत्र दिलं नाही तर जिवाणू मातीतलं खाऊन टाकतात आणि ऊस पिवळा पडतो. ही पायरी गाळून 'पाचटानं ऊस बसला' म्हणणारे पुष्कळ भेटतात.

एकाच पिकाची परिसंस्था किती ठिसूळ असते ते २००२ साली पांढऱ्या लोकरी माव्यानं दाखवलं. सांगली जिल्ह्यात दिसलेला हा मावा पश्चिम महाराष्ट्रभर पसरला, कारण मैलोन् मैल एकच अन्न उभं होतं. नंतर त्याला खाणारे डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक रानांत वाढले आणि मावा आटोक्यात आला. फवारणी करणाऱ्या रानांत मित्रकीटकही मरत होते. आजही पानामागे पांढरी लोकर दिसली तर आधी भिंग लावा. लोकरीत फिरणारी, मावा खाणारी अळी सापडली तर ती पानं कापून कीड जास्त आहे तिथे बांधावीत. शिफारस हेक्टरी डिफाच्या १,००० किंवा मायक्रोमसच्या २,५०० अळ्यांची आहे, आणि त्या सोडल्यावर फवारणी बंद.

कृष्णाकाठच्या उसात आणखी एक खर्च कुणी मांडत नाही: जमीन क्षारपड होणं. पाट वाहता ठेवायचा, निचरा नाही, पाण्याची पातळी वर येते, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. सकाळी वरंब्यावर पांढरी खपली दिसली, ऊस ठिगळाठिगळानं बुटका राहिला, की मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्या. क्षारता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर म्हणजे क्षारयुक्त. पीएच साडेआठच्या वर जाऊन ओली माती साबणासारखी बुळबुळीत लागली तर चोपण. दोन्हींचे उपाय वेगळे. क्षारयुक्तला निचरा आणि धुऊन काढणारं पाणी. चोपणला त्याआधी जिप्सम, आणि ते किती हे माती तपासूनच.

उसातून हात काढला तर? दोन पावसाळ्यांत हरळी, गाजर गवत आणि वेडी बाभूळ. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यावर कोरड्या तालुक्यांत उभ्या राहिलेल्या बागांचं तर त्याहून लवकर: पंप थांबले की एका उन्हाळ्यात कळतं. हा दोष नाही, पण जमेच्या बाजूला 'वीज' हा शब्द ठळक लिहावा.

देवराईचा पाचोळा आणि बाटलीचं नसराळं

जंगलात झाडं मोजत बसण्यापेक्षा पाचोळा बघा. दोन लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापा, उलटा करून खालच्या भागात बसवा: झालं नसराळं. त्यात पाच-सहा मिलिमीटर छिद्रांची जाळी, जाळीवर दोन ओंजळी ओला पाचोळा आणि खालची बोटभर माती. खाली ओला टिपकागद. वर एक वीत अंतरावर ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब, २४ ते ४८ तास. एलईडी चालत नाही, कारण उष्णता हवी. पाचोळा वरून सुकत जातो तसे जीव खाली सरकतात आणि कागदावर पडतात.

भिंगातून बघा. आधी काही दिसत नाही. मग टाचणीच्या टोकाएवढा एक पांढरा ठिपका टुणकन उडतो. तो उडीकीटक, पोटाखालची शेपटी आपटून उडतो. शेजारी तपकिरी, गोल, चकचकीत पाठीचे कोळीकीटक रांगताना दिसतात, एखादी गोम, कधी आभासी विंचू, नांगी नसलेला, तांदळाच्या कणीएवढा. हेच पाचोळ्याचा भुगा करतात आणि बुरशी-जिवाणूंना पुढचं काम सोपं करून देतात. देवराईतला, लागवडीच्या वनातला आणि उसाच्या पाचटातला असे तीन नमुने एकाच वजनाचे, म्हणजे प्रत्येकी २०० ग्रॅम घ्या. नाहीतर तुलना होत नाही. बल्ब टेकवू नका, पाचोळा पेटतो. एका तासात घाई करून मोठा दिवा लावला तर जीव खाली यायच्या आधी आतच भाजून मरतात.

काम झालं की कागद त्याच जागी नेऊन झटकावा.

पाणी: ताटली, पहाट आणि काठ

ताटली सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात, सावलीच्या बाजूनं सोडा. दिसेनाशी झाली ती गाठ, आणि वर ओढताना पुन्हा दिसली ती गाठ, दोन्हींची सरासरी. मासे सोडलेल्या तळ्यात ३० ते ४० सेंटिमीटर उत्तम. २० च्या खाली आणि पाणी हिरवं असेल तर शेवाळ माजलंय; खाद्य आणि शेण त्याच दिवशी थांबवा. पाणी हिरवं नसून तांबूस गढूळ असेल तर ती माती आहे, त्याचा शेवाळाशी संबंध नाही. ओंजळभर पाणी काचेच्या पेल्यात रात्रभर ठेवलं की माती तळाला बसते.

पीएच एकदाच मोजून उपयोग नाही. पहाटे सहाला आणि दुपारी चारला मोजा. शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत साडेसातचा पीएच नऊच्या वर जाऊ शकतो. रात्री तेच शेवाळ प्राणवायू खातं. म्हणून मासे मरतात ते पहाटे, आणि बहुधा दोन-तीन ढगाळ दिवसांनंतर. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर औषध शोधत बसू नका. मोटर लावून तळ्याचंच पाणी फवाऱ्यासारखं वरून पाडा, सूर्य वर येईपर्यंत.

गावतलाव आणि शेततळं यातला मोठा फरक काठाचा. मायणी, येरळवाडीच्या तलावांवर पाणपक्षी उतरतात ते उथळ पाणी आणि गाळाचा काठ असतो म्हणून. तलाव तुडुंब असला तर लांब पायांच्या पक्ष्यांना उभं राहायला जागाच नसते. काठापासून आत चालत जा आणि गुडघ्याखालचा, म्हणजे ३० सेंटिमीटरपर्यंतचा पट्टा किती मीटर रुंद आहे ते लिहा. शेततळ्याचा उतार तीव्र, तिथे हा पट्टा जवळजवळ शून्य. शिवाय प्लास्टिकमुळे गाळ नाही, गाळ नाही म्हणून विघटक नाहीत, आणि माशांची विष्ठा पाण्यातच राहते.

३० बाय ३० मीटरच्या शेततळ्यात साडेचारशे ते पाचशे बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) पुरे. कटला, रोहू, मृगळ ४:३:३ हे नेहमीचं प्रमाण. प्लास्टिकच्या तळ्यात मृगळ कमी करावा, तळाशी चरणाऱ्या माशाला तिथे खायला काही नसतं. काठ हवा असेल तर वरच्या कडेजवळ जुनी ताडपत्री दुमडून अंथरा, तिच्यावर मातीनं भरलेले प्लास्टिकचे क्रेट पाण्यात अर्धे बुडतील असे दोरीनं वर खुंटीला बांधा आणि त्यांत पाणवनस्पती लावा. चतुर तिथे अंडी घालू लागले की डासांच्या अळ्या कमी होतात. चिलापी (तिलापिया) मासा मात्र चुकूनही सोडू नका; आपणहून भरमसाट वाढतो आणि पुरात सुटला की नदीत जातो.

शेततळ्याच्या ओल्या प्लास्टिकवरून पोहणारा माणूसही वर चढू शकत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आणि हवा भरलेल्या ट्यूब बांधल्याशिवाय मुलांना तळ्याजवळ नेऊ नये. कृष्णेच्या सांगली जिल्ह्यातल्या पट्ट्यात मगरी आहेत. नमुना पुलावरून किंवा घाटाच्या वरच्या पायरीवरून बादली सोडून घ्यावा.

घरातली तीन बरण्यांची परिसंस्था

मोठ्या काचेच्या टाकीआधी पाच लिटरच्या तीन बरण्या करा. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवा म्हणजे क्लोरीन उडतं. पहिल्या बरणीत गावतलावाचा गाळ तीन सेंटिमीटर, वर धुतलेली वाळू दोन सेंटिमीटर, हायड्रिला या पाणवनस्पतीच्या वीतभर चार काड्या, तीन गोगलगायी. दुसरीत गाळ सोडून बाकी सगळं. तिसरी पहिल्यासारखीच, पण त्यात १९:१९:१९ खताची (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेल्या) एक चिमूट. पाणी ओतताना ताटलीवर ओता, नाहीतर गाळ उसळतो आणि तीन दिवस काही दिसत नाही. बरण्या उत्तरेच्या खिडकीत ठेवा; थेट उन्हात पाणी तापून गोगलगायी मरतात.

आता महिनाभर काही घालायचं नाही. दर चार दिवसांनी पीएच, पाण्याचा रंग, वास आणि गोगलगायी कुठे आहेत ते लिहा. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं तर घाबरू नका, ते जिवाणू आहेत, आठवड्यात निवळतं. गोगलगायी सगळ्या पाण्याच्या रेषेवर येऊन बसल्या तर खाली प्राणवायू संपलाय. सडक्या अंड्याचा वास आला तर गाळ जाड झालाय, निम्मा काढा. खताची बरणी दहा-पंधरा दिवसांत हिरवी होते आणि तळाशी उजेड न पोहोचल्यानं हायड्रिलाची खालची पानं गळतात. माजलेल्या तळ्यात हेच मोठ्या प्रमाणावर होतं. बिनगाळाच्या बरणीत झाड हळूहळू फिकं पडतं.

पहिली बरणी महिना टिकली तर तोच मेळ दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट टाकीत, ४५ लिटर पाण्यात करा आणि आणखी तीन आठवड्यांनी चार गप्पी मासे सोडा, चारही नर; माद्या आल्या की दोन महिन्यांत गर्दी होते. टाकी भरल्यावर पन्नास-साठ किलोची होते, टेबल त्या बेताचं हवं.

नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीसाठी द्या: तारीख, जागा, कुणाची जमीन, दहा चौकटींची यादी, फोटोंचे क्रमांक. प्रयोग मोडताना पाणी ओढ्यात किंवा विहिरीत ओतू नका, झाडाच्या आळ्यात ओता. गप्पी दुसऱ्या टाकीवाल्याला द्या. गोगलगायी ज्या तलावातून आणल्या त्याच तलावात सोडा. हायड्रिला पत्र्यावर पसरून कुरकुरीत वाळेपर्यंत उन्हात ठेवा आणि मगच खताच्या खड्ड्यात टाका; बोटभर तुकडा ओला राहिला आणि ओढ्याला लागला तरी त्याला मुळं फुटतात.